चाळीतला कांदा वावरातच बिघडतो: या चुका टाळा

जुलैत चाळीतून, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधून, वास यायला लागला की फोन येतो, "भाऊ, कोणती पावडर मारू?" तेव्हा मारण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. उन्हाळ कांदा (रब्बीत लावून उन्हाळ्यात काढलेला) पाच-सहा महिने टिकेल की नाही, हे वावरात उभ्या पिकातच ठरतं. गिऱ्हाइकाच्या घरी कडक, तिखट, डबल पत्तीचा (वरून दुहेरी सालीचा) कांदा जाईल की चिरल्यावर आतला एकच पापुद्रा कुजलेला निघेल, तेही तिथेच ठरतं. चाळ भरलेला माल सांभाळते, सुधारत नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे उशिरा टाकलेला युरिया. लागवडीला ६० दिवस झाले की नत्र, म्हणजे युरियासारखं खत, बंद. ही शिफारस जुनी आहे आणि सगळ्यांना पाठ आहे. तरी बाजार थोडा वर सरकला की "फुगवण" करायचा मोह होतो. आमच्या शिवारातल्या एका कष्टाळू पोराने पीक ऐंशी दिवसांचं झालं असताना युरिया टाकला आणि पाठोपाठ दोन भरपूर पाणी दिली. मी बांधावर उभा राहून नको म्हणालो होतो. कांदा एवढा पोसला की लोक बघायला यायचे. पण माना (कांद्यातून पात निघते ती जागा) अंगठ्याएवढ्या जाड होत्या आणि काढणीपर्यंत हिरव्याच राहिल्या. अशी मान बंद होत नाही. न वाळलेल्या पातीतून रोग सरळ खाली उतरतो आणि आतला पापुद्रा सडवतो, वरून कांदा धडधाकट दिसत राहतो. पावसाळ्यात दमटपणा वाढला तशी त्याच्या चाळीच्या तळातून पाण्याची धार लागली. फोडली तेव्हा वरचे दोन थर चांगले, खाली नुसता चिखल. निवडून जेमतेम एक ट्रॉली बाजारात गेली, बाकी सगळं उकिरड्यावर. त्या पोराने वर्षभर केलेली मेहनत एका गोणी युरियाने खाल्ली, याचं मला अजून वाईट वाटतं.

खत द्यायचंच असेल तर गंधक द्या, तेही लागवडीच्या वेळी. कांद्याचा तिखटपणा गंधकयुक्त घटकांतूनच येतो.

पाणी काढणीआधी १५ दिवस तोडा. वजन मिळावं म्हणून शेवटचं पाणी देणाऱ्याला ते वजन काट्यावर एकदाच दिसतं, चाळीत ते उडून जातं आणि पत्ती तडकते ती वेगळीच.

दुसरी मोठी चूक घाईची. निम्म्या माना आपणहून पडल्या, म्हणजे पात मानेतून वाकून आडवी झाली, की काढणी करायची. खरिपात माना नीट पडत नाहीत, तिथे पिकावरून रिकामा ड्रम फिरवून पाडतात, ते समजू शकतो. उन्हाळीत मजूर मिळालेत म्हणून ड्रम फिरवायचा आणि दुसऱ्या दिवशी उपटायचं, हे मला मान्य नाही. पीक तयार झालेलं नसतं, तुम्ही फक्त पात मोडलेली असते.

उपटल्यावर तर घाई आणखी वाढते. सकाळी उपटला, दुपारी बुडापासून पात कापली, संध्याकाळी चाळीत. असा कांदा टिकेल कसा? तीन-चार दिवस वावरातच ओळीने असा पसरा की पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीतल्या कांद्यावर येईल. उन्हाचा चटका पातीला बसतो, कांद्याला नाही, आणि मान हळूहळू मिटते. मग मानेला पीळ देऊन तीन-चार सेंटिमीटर नाळ ठेवून कापा. त्यानंतर दोन-तीन आठवडे सावलीत, वारं लागेल असा पातळ ढीग. मजुरांना कापणी उक्ती दिली की ते बुडालाच विळा लावतात, म्हणून त्या दिवशी मी वावर सोडत नाही. सुकवायला जागा नाही, हे कारण मी ऐकून घेत नाही. झाडाखाली, गोठ्याच्या पडवीत, कुठेही जागा निघते.

जोड कांदा, डेंगळा (फुलाचा दांडा आलेला), विळा लागलेला आणि जाड मानेचा माल चाळीत घालू नका, लगेच विका.

ढीग पाच फुटांच्या वर नको. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला आणि फटींचा हवा, खालून हवा खेळली पाहिजे.

पावसाच्या भीतीने चाळ चारी बाजूंनी प्लॅस्टिकने गुंडाळली की आत वाफ धरते आणि काजळी (काळी बुरशी) चढते. झड येईल त्याच बाजूला कागद लावा, उघडीप मिळताच काढा.

खरिपाचा लाल कांदा चाळीत भरून भावाची वाट पाहू नका, तो साठवणीचा नाहीच. साठवायला एन-२-४-१ किंवा भीमा शक्तीसारखं रब्बीचं वाण घ्या. बी कुठून आलं ते विचारा, नुसता पुडीवरचा फोटो बघू नका.

जूनच्या मध्यापासून मी दर आठवड्याला चाळीच्या तीन-चार ठिकाणांहून मूठभर कांदे काढतो, मान अंगठ्याने दाबतो आणि एखादा उभा चिरून बघतो. मान मऊ लागली किंवा आतला पापुद्रा पाणचट दिसला, की तो कप्पा त्याच आठवड्यात लासलगावच्या बाजारात जातो, भाव काहीही असो.