सांबऱ्याहून खासगी पायलट परवाना: पावसाळ्यात पुस्तक, दिवाळीपासून विमान

खासगी पायलट परवान्यासाठी, म्हणजे पीपीएलसाठी, नियमाप्रमाणे किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. बहुतेकांचे तास त्याहून बरेच जास्त होतात, आणि त्याचं मुख्य कारण असतं खंड. पंधरा दिवस विमानाला हात लागला नाही, तर पुढच्या धड्याचा निम्मा वेळ मागचं आठवण्यात जातो, आणि त्या वेळेचेही पैसे मोजावेच लागतात. म्हणून सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, शिकू पाहणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या विद्यार्थ्याने तारखा ठरवताना आधी आपला पाऊस लक्षात घ्यावा.

जून ते सप्टेंबर घाटावरून येणारे ढग इतके खाली उतरतात की शिकाऊ उड्डाण कित्येक दिवस होतच नाही. डोळ्यांनी बघून उडायचं तर साधारण ५ किलोमीटर दृश्यमानता आणि ढगापासून उभं १,००० फूट अंतर हवं. हे चार महिने वैद्यकीय तपासणी, कागद आणि लेखी परीक्षेला द्या. दिवाळीच्या सुमारास उडायला लागलात, तर फेब्रुवारीअखेरपर्यंत सकाळचं शांत हवामान हाताशी असतं. थंडीत कधी धुकं असतं, कधी उसाचं पाचट पेटवल्याचा धूर जमिनीलगत साचतो. अशा दिवशी ऊन वर येईपर्यंत थांबावं लागतं. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो, तेव्हा उड्डाण सकाळीच उरकायला हवं.

पैसे भरण्याआधी डॉक्टर

उड्डाणशाळेत नाव घालण्याआधी वर्ग २ची वैद्यकीय तपासणी करून घ्या. ती डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, यादीतल्या डॉक्टरांकडेच होते. चष्मा असला तरी चालतं. अडचण येते ती रंग ओळखण्यात, रक्तदाबात, वजनात आणि ईसीजीत. रंगांच्या ठिपक्यांतले आकडे वाचायची इशिहारा चाचणी गावातल्या नेत्रतज्ज्ञाकडे थोडक्या पैशांत होते. ती सगळ्यांत आधी करा. पुढे व्यावसायिक पायलट व्हायचं असेल तर वर्ग १ची तपासणीही लगेच करून घेतलेली बरी.

नाव सगळीकडे एकच हवं

आपल्या सीमाभागात अर्ज अडकतो तो बहुधा नावावरून. कर्नाटकच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाची आणि आडनावाची नुसती आद्याक्षरं असतात, आधारवर पूर्ण नाव असतं, आणि चंदगडकडे शिकलेल्याच्या महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव पुढे असतं. जन्मस्थळ एका कागदावर बेळगाव, दुसऱ्यावर बेळगावी. डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर नोंदणी करण्याआधी आधार, पासपोर्ट आणि दहावीचा कागद समोरासमोर ठेवून एकेक अक्षर जुळवा. दुरुस्ती करायची तर आत्ताच करा. गुणपत्रिकेची बोर्डाकडून पडताळणीही लागते, तिचा अर्ज लवकर टाका.

शिकाऊ परवान्याला वयाची १६ वर्षं पुरी हवीत, पीपीएलला १७. शिक्षण दहावी पास पुरतं. लेखी परीक्षेत उड्डाणाचे नियम, नेव्हिगेशन आणि हवामान हे विषय असतात. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. ही परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती, भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ने ती डीजीसीएकडे आणली. मराठी किंवा कन्नड माध्यमातून शिकलेल्यांनी रेडिओची तयारी रोज मोठ्याने बोलून करावी. टॉवरने सांगितलेलं जसंच्या तसं परत म्हणता आलं पाहिजे. इंग्रजी सफाईदार नसलं तरी चालेल, आकडे चुकता कामा नयेत.

शाळा निवडताना

भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ साली प्रशिक्षण संस्थांना जागा देण्यासाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव होतं. डीजीसीएची चालू मान्यता बघाच, पण त्याहून महत्त्वाचं हे विचारा: उडण्याच्या स्थितीतली विमानं किती, विद्यार्थी किती, प्रशिक्षक किती? मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याला सरासरी किती तास मिळाले, हे शिकणाऱ्यांनाच गाठून विचारा. तासाच्या दरात इंधन, लँडिंग शुल्क आणि प्रशिक्षक धरलेत का, ते लेखी घ्या. सगळी रक्कम एकदम भरू नका. हप्ते उडालेल्या तासांशी बांधून घ्या.

विमानात बसण्याआधी

प्रत्येक उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारायची, तीही हातात यादी धरूनच. टाकीच्या तळातून थोडं इंधन काचेच्या नळीत काढा. शंभर एलएल हे विमानाचं पेट्रोल निळसर असतं. पाणी असेल तर ते तळाशी वेगळं दिसतं. टाक्या रात्रभर अर्ध्या रिकाम्या राहिल्या की आतल्या दमट हवेचं पाणी होतं, म्हणून ही तपासणी. सेस्ना १७२ एस या शिकाऊ विमानात इंजिनाचं तेल ५ क्वार्टच्या (क्वार्ट म्हणजे जवळजवळ एक लिटर) खाली असेल तर इंजिन चालू करायचं नाही. उड्डाणाआधी इंजिन मिनिटाला १,८०० फेऱ्यांवर ठेवून ठिणगी देणाऱ्या दोन मॅग्नेटोंपैकी एकेक तपासताना फेऱ्या १५०हून जास्त पडू नयेत, दोन्हींतला फरक ५०हून जास्त नसावा. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या (इंधन आणि हवा त्यात मिसळतात) विमानात दमट हवेत २०-२५ अंश तापमानालाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. हात न लावता फेऱ्या उतरू लागल्या की कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा दांडा, पूर्ण ओढा. इंजिन आधी क्षणभर आणखी खडखडेल, कारण वितळलेलं पाणी त्यातून जातं. घाबरून कार्ब हीट परत बंद करू नका.

सांबऱ्याची उंची विसरू नका

सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर आहे. या उंचीवर प्रमाण तापमान १० अंश धरतात. एप्रिलमध्ये पारा ३६वर गेला तर फरक २६ अंशांचा. अंशाला १२० फूट या हिशेबाने ३,१२० फूट झाले. ते २,५००त मिळवले की विमानाला हवा ५,६०० फुटांवरच्यासारखी विरळ लागते. इंजिनाची ताकद घटते, धाव लांबते, चढण मंदावते. धावपट्टी लांब असल्याने विमान उठतं, पण पुढे वर चढायला वेळ घेतं, आणि नवशिक्या नाक आणखी वर ओढतो. तसं केलं की वेग आणखी पडतो.

उतरताना याच्या उलट फसगत होते. काट्यावर ६५ नॉट (तासाला तितके नॉटिकल, म्हणजे सागरी, मैल) असले तरी खरा वेग ७२च्या आसपास असतो. जमीन भराभर मागे पळताना दिसते, विमान फार वेगात आहे असं वाटून शिकाऊ पायलट वेग कमी करतो आणि स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल तुटण्याच्या, जवळ जातो. भरवसा काट्यावर ठेवा. शेवटच्या टप्प्यात नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर न्या. चाकं आपटून विमान उसळलं तर नाक खाली दाबू नका. पुढचं चाक आधी टेकून पंखा जमिनीला लागू शकतो. पूर्ण ताकद द्या आणि पुन्हा फेरी मारा.

धावपट्टी ०८/२६ आहे, जवळजवळ पूर्व-पश्चिम. २६ म्हणजे साधारण २६० अंशांची दिशा. वारा ३०० अंशांवरून १४ नॉटने असेल तर २६वर वाऱ्याचा आडवा भाग सुमारे ९ नॉटचा येतो. पहिल्या सोलोआधी, म्हणजे एकट्याच्या उड्डाणाआधी, हा हिशेब तोंडी करता यायला हवा. सर्किटची, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेरीची, उंची जमिनीपासून १,००० फूट, म्हणजे क्यूएनएच (समुद्रसपाटीचा दाब) लावलेल्या अल्टिमीटरवर, उंचीच्या काट्यावर, साधारण ३,५०० फूट.

क्रॉस-कंट्री

पीपीएलसाठी एकट्याने ५ तासांचं क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळाहून दुसऱ्याकडे उड्डाण, लागतं, त्यात किमान १५० नॉटिकल मैलांचा एक प्रवास आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरणं. सांबरा-कोल्हापूर-हुबळी-सांबरा हा त्रिकोण कागदावर आखून पाहा: साधारण ५२, ९१ आणि ४० नॉटिकल मैल, एकूण १८३. पहिल्या टप्प्यात महामार्ग जवळपासच असतो. उजवीकडे हिडकलचं पाणी, पुढे संकेश्वर, मग निपाणी. १०० नॉटने, वारा नसेल तर, संकेश्वर पंधरा-सोळा मिनिटांत आणि निपाणी एकविसाव्या मिनिटाच्या आसपास यायला हवी.

समजा संकेश्वर ठरल्या जागी न दिसता ३ मैल उजवीकडे राहिलं. तोवर २६ मैल झालेत. साठ मैलांत एक मैल सरकलं तर साधारण एक अंशाची चूक, म्हणून ३ला ६०ने गुणून २६ने भागा, ७ अंशांची चूक निघते. अजून तेवढंच अंतर बाकी आहे, म्हणून १४ अंश उजवीकडे वळा. त्यातले ७ चुकीचे आणि ७ परत रेषेवर येण्याचे. गावं दिसत नाहीत म्हणून दिशा शोधत भटकू नका. ठरवलेली दिशा आणि घड्याळ धरून ठेवा, रेडिओवर विचारा.

शेवटी परीक्षकासोबत उड्डाणचाचणी होते. त्यात इंजिन बंद पडल्याचं सोंग हमखास येतं. १७२ एसचा तरंगण्याचा वेग ६८ नॉट; आधी तो धरा, मग शेत निवडा. उभ्या उसापेक्षा कापणी झालेलं सपाट रान बरं, आणि बांधांना समांतर उतरा.

पीपीएलवर घरच्यांना, मित्रांना विनामोबदला नेता येतं, पगार घेता येत नाही. व्यावसायिक परवान्याला एकूण २०० तास आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित लागतं. लॉगबुकातले तास तिथे धरले जातात, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक नोंदीवर प्रशिक्षकाची सही त्याच दिवशी घ्या.