कडू करांद्यांचा कडवटपणा असा घालवला

दिवाळीनंतर दापोलीकडच्या रानातले करांदे मिळाले. नुसते मिठात उकडले तर घशापर्यंत कडू! वेलीवर पानांच्या बेचक्यात धरणारा हा कंद, शास्त्रीय नाव डायोस्कोरिया बल्बिफेरा. लावलेल्या गोड जातीला एक उकड पुरते, रानातल्याला नाही.

मग सोलून पातळ चकत्या केल्या, चुलीतली चाळलेली राख घालून उकडल्या आणि ते पाणी ओतून दिलं. नंतर टोपलीत भरून रात्रभर पाटाच्या वाहत्या पाण्यात ठेवल्या. खरं काम इथेच होतं. कडू द्रव्यं हळूहळू पाण्यात उतरतात. (पाट नसेल तर पातेल्यातलं पाणी बदलत राहायचं.) सकाळी पुन्हा मिठात उकडल्या. किंचित कडसर चव उरते, मला तीच आवडते. त्यानंतरही जिभेला झोंबणारी चकती मात्र सरळ टाकायची, आणि कच्चा करांदा चाखायचाच नाही, विषारी असतो.