वळणावर अडणारे डबे मोकळे कसे करावेत

मॉडेल रेल्वेत सरळ रुळावर आठ डबे ओढणारं छोटं इंजिन वळणावर जागच्या जागी चाकं फिरवत बसलं, की आपण इंजिनाला शिव्या घालतो. जरा हिशोब बघा. आपल्या खऱ्या ब्रॉडगेजवर सगळ्यांत तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं. एचओ या मॉडेल रेल्वेच्या १:८७ मापात ते दोन मीटर झालं. कोल्हापूरच्या फ्लॅटात दिवाणाखाली सरकणाऱ्या फळीवर आपण तेच ४५ सेंटिमीटरमध्ये कोंबतो. त्यात दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट! अर्ध्या वर्तुळात बाहेरच्या चाकाला ५२ मिलिमीटर जास्त चालायचं असतं, ते घसटतच चालतं. हे पूर्ण टळत नाही. बाकीची घासाघीस मात्र आपल्या हातात.

आधी मोजा. मीटरभर सरळ रूळ पट्टीवर ठोकून एका टोकाखाली वह्या सरकवत जा. डबा आपणहून सुटेल ती उंची त्याच्या पोटावर पेन्सिलीनं लिहा. माझा एक मालडबा चार सेंटिमीटरला सुटायचा, आता दीडला सुटतो.

मग डबा उलटा करा. बोगी, म्हणजे खालचा चार चाकांचा गाडा (आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, ते सोडा), बोटानं दोन्हीकडे न अडता फिरली पाहिजे. एकीचा स्क्रू ती डुलेल इतका सैल ठेवा, दुसरीचा फक्त फिरेल इतकाच. चाक तळाला घासत असेल तिथं चकचकीत रेघ उमटते. तेवढंच प्लास्टिक बारीक कानशीनं काढा.

आता आस काढा. सुईसारख्या टोकांना गुंडाळलेले केस चिमट्यानं ओढा, ती टोकं बसतात ते खळगे टूथपिकनं पुसा. मी एकदा शिलाई मशिनचं तेल घातलं होतं; गणपतीपर्यंत त्याचा काळा चिखल झाला. आता कुलपाची ग्रॅफाइट पूड, टूथपिकच्या टोकावर मावेल तेवढीच. रुळावर सांडू नका, तिच्यातून वीज वाहते. प्लास्टिकची चाकं असतील तर धातूची बसवा.

हलका डबा वळणात आत ओढला जाऊन पडतो. १५ सेंटिमीटरच्या डब्याला सुमारे ११३ ग्रॅम पुरतात. गुजरीत सराफांकडे दिसतो तसला छोटा काटा घ्या आणि वजनाला उद्यमनगरातले लोखंडी वायसर तळाशी चिकटवा. जास्त भरू नका, चढावर इंजिन दमेल.

आयसीएफचा (चेन्नईच्या रेल्वेडबे कारखान्याचा) प्रवासी डबा या मापात जवळपास साडेचोवीस सेंटिमीटर होतो. ४५ च्या वळणावर त्याला कितीही घासलं-पुसलं तरी तो बाहेर लोंबणारच. तिथं छोटे मालडबेच चालवा.