ट्रान्सप्लांटनंतर 'साधी सर्दी'? या चुका टाळा

स्टेम सेल ट्रान्सप्लांट (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचं प्रत्यारोपण) झालेल्या माणसाचं नाक वाहायला लागलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "ताप नाहीये ना, मग बघू दोन दिवस." सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. स्टेरॉइड चालू असताना ताप येईलच असं नाही, आणि लिम्फोसाइट (व्हायरसशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी असतील तर आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा (दोन्ही सर्दी-खोकल्याचे व्हायरस), फ्लू यातलं काहीही नाकातून खाली फुप्फुसात उतरू शकतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी ट्रान्सप्लांट टीमला फोन करायचा. पॅरासिटामॉल घेऊन मग थर्मामीटर लावायचा, हे तर अजिबात नको. 38 डिग्री सेल्सिअस (100.4 फॅरनहाइट) दिसलं की रात्र असली तरी फोन.

घरची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असं नाही, स्वॅबची पीसीआर (लॅबमधली जास्त अचूक तपासणी) करायला लागते. फ्लू निघाला तर ऑसेल्टामिविर (फ्लूवरचं औषध) लवकर सुरू केलेलं बरं, पण त्रास सुरू होऊन 48 तास उलटून गेले म्हणून "आता काय उपयोग" असं या पेशंटच्या बाबतीत धरत नाहीत.

आता मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या गोळ्या. अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, ते व्हायरल सर्दीवर चालत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन (हेही अँटिबायोटिक) किंवा कोविडची पॅक्सलोव्हिड घेतली तर टॅक्रोलिमसची (ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबायला देतात ते औषध) रक्तातली लेव्हल इतकी वर जाऊ शकते की किडनीवर येतं, त्यामुळे गोळी कितीही ओळखीची वाटली तरी आधी टीमला विचारा.

घरच्यांनीही काळजी घ्यायची. फ्लूचं इंजेक्शन घरात सगळ्यांनी घ्यायचं, नाकात मारायची लाइव्ह (कमजोर केलेल्या जिवंत व्हायरसची) लस मात्र टाळायची. आणि पेशंटचा खोकला थांबला तरी व्हायरस कित्येक आठवडे बाहेर पडत राहू शकतो, तेव्हा ओपीडीत मास्क काढून बसू नका, शेजारी दुसरा ट्रान्सप्लांटवालाच असतो.

सर्दी गेली की विषय संपला असं वाटतं, आणि माझ्या मते खरी गफलत इथे होते. दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्यांमध्ये अशा इन्फेक्शननंतर काही महिन्यांनी ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स होऊ शकतो, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक नळ्या हळूहळू आवळत जातात, हा जीव्हीएचडीचाच (दात्याच्या पेशी पेशंटच्या शरीरावर हल्ला करतात तो आजार) एक प्रकार. सुरुवातीला त्रास जवळपास नसतोच, ऑक्सिमीटर 98 दाखवतो, एक्स-रे क्लीन येतो. जिना चढताना दम लागला की "अजून अशक्तपणा आहे" म्हणून सोडून देतात, किंवा दमा समजून नुसता पंप सुरू होतो. गेलेली ताकद बहुतेक वेळा परत येत नाही, जे काही हाताला लागायचं ते लवकर पकडलं तरच. म्हणून सर्दी बरी झाल्यावर स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी) मागून घ्या आणि एफईव्ही१ चा (पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर सोडता आली त्याचा) आकडा ट्रान्सप्लांटच्या आधीच्या रिपोर्टशी ताडून बघा. रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिलेलं असलं तरी स्वतःच्या जुन्या आकड्यापेक्षा 10 टक्के किंवा जास्त घसरण असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि श्वास सोडून काढलेला सीटी स्कॅन लागेल का तेही तेव्हाच विचारा.