७० मिमी ईडीएफ जेटसाठी मोटर आणि बॅटरी कशी निवडावी

ईडीएफ जेट म्हणजे डक्टेड फॅनवर, म्हणजे नळीत बसवलेल्या विजेच्या पंख्यावर उडणारं रिमोटचं छोटं विमान; ७० मिमी हा पंख्याचा व्यास. मोटर आणि बॅटरी सुटी-सुटी निवडली की जेट फसतं. आधी वजन पाहायचं, त्यावरून थ्रस्ट (विमान पुढे ढकलणारा जोर), थ्रस्टवरून करंट आणि मग एवढा करंट सोसणारी बॅटरी, असा क्रम ठेवा. प्रोपेलरच्या विमानात करंट जास्त निघाला तर लहान प्रोपेलर लावता येतो. डक्टेड फॅनची पाती बसवलेलीच असतात, त्यामुळे चुकीचा आकडा सुधारायला मोटर किंवा बॅटरीच बदलावी लागते.

१. वजन आणि थ्रस्ट
बॅटरी, सर्व्हो, चाकं सगळं धरून वजन करा. समजा ते १.६ किलो आहे. डांबरी धावपट्टीवर वजनाच्या ८० टक्के थ्रस्टवर काम भागतं. गवतावरून धावायचं तर वजनाइतका थ्रस्ट हवाच. खोक्यावरचा आकडा सुट्या फॅनचा असतो. विमानाच्या पोटात हवा वळणं घेत येते आणि थ्रस्ट घटतो, म्हणून २ किलोहून अधिक थ्रस्टचा फॅन घ्या.

२. सेल आणि केव्ही
असा फॅन साधारण १,३०० वॉट खातो. चार सेलच्या लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर, भाराखाली १४ व्होल्ट धरले तर, ९३ अँपिअर लागतात. सहा सेलवर २१ व्होल्टला ६२. तारांतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे दीडपट करंटला सव्वादोनपट उष्णता. या वजनाला सहा सेलच योग्य.

सहा सेलसाठी मोटर २,२०० केव्हीच्या आसपासची घ्या. इथे केव्ही म्हणजे भार नसताना एका व्होल्टमागे मोटरचे मिनिटाला होणारे फेरे. चार सेलसाठीची ३,००० केव्हीची मोटर सहा सेलवर कधीही लावू नका. फॅनला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाने वाढते: फेरे सव्वापट झाले की मागणी जवळपास दुप्पट होते. मोटर जळते, बहुतेकदा ईएससीही (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट).

३. बॅटरी
४,००० एमएएच म्हणजे ४ अँपिअर-तास. बॅटरी क्षमतेच्या किती पट करंट देऊ शकते, तो आकडा म्हणजे सी. ६२ अँपिअरसाठी साडेपंधरा सी पुरेसे. पण लेबलवरचा सी फुगवलेला असतो. त्याचा निम्माच खरा माना आणि ४० ते ५० सीची बॅटरी घ्या. त्याहून भरवशाचा आकडा अंतर्गत रोधाचा, जो चांगला चार्जर दाखवतो. सेलमागे ५ मिलीओहम असेल तर ६२ अँपिअरला प्रत्येक सेल ०.३ व्होल्ट गमावतो, सहांचे मिळून जवळजवळ २ व्होल्ट. उड्डाणात ‘दम नाही’ असं वाटतं त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

उड्डाणाचा वेळ असा काढा: क्षमतेचा ८० टक्के वापर म्हणजे ३.२ अँपिअर-तास, सरासरी करंट ४५ अँपिअर, म्हणजे सव्वाचार मिनिटं. टायमर साडेतीन मिनिटांवर लावा. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्या फेरीपुरती शक्ती उरायला हवी. ५,००० एमएएच लावून वेळ वाढतो, पण वजनही दीडशे ग्रॅमच्या आसपास वाढतं, आणि उतरण्याचा वेगही.

४. ईएससी आणि जोडण्या
८० ते १०० अँपिअरचा ईएससी, १२ गेजची तार, एक्सटी ९० कनेक्टर. तार वाढवायचीच असेल तर मोटरच्या बाजूने वाढवा. बॅटरीच्या बाजूची लांब तार ईएससीच्या कपॅसिटरवर व्होल्टेजचे झटके आणते.

५. वॉटमीटरने तपासणी
जेट घट्ट बांधा, हवा आत येण्याच्या तोंडाजवळून बोटं, बाही, सुटे फोमचे तुकडे दूर ठेवा. पूर्ण चार्ज बॅटरीवर पाच सेकंद पूर्ण थ्रॉटल द्या. करंट मोटरच्या मर्यादेपुढे गेला तर उडवू नका. फॅन थरथरत असेल तर आधी रोटर बॅलन्स करा. नाहीतर बेअरिंग लवकर जातात. मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा.

चार्जिंग ४ अँपिअरला, बॅलन्स प्लग (सगळे सेल सारखे भरण्यासाठीचा छोटा प्लग) लावूनच. आठवडाभर उडवणार नसाल तर सेल ३.८ व्होल्टवर ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात बॅटऱ्या बंद गाडीत ठेवू नका, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला जोडू नका.