सिम रेसिंगच्या स्क्रीनवरची गर्दी: या चुका टाळा

सिम रेसिंगमध्ये, म्हणजे संगणकावर किंवा कन्सोलवर खेळल्या जाणाऱ्या हुबेहूब कार शर्यतींत, नवखा माणूस ओळखायचा असेल तर त्याचे लॅप टाइम बघू नका, त्याची स्क्रीन बघा. वर डेल्टा (आधीच्या लॅपशी वेळेची तुलना करणारी पट्टी), डावीकडे तीस गाड्यांची क्रमवारी, उजवीकडे ट्रॅकचा नकाशा, खाली चारही टायरची तापमानं, पेडलचे आलेख, हवामान, शेजारच्या गाड्या दाखवणारं रडार. या सगळ्यातून उरलेल्या फटीतून बिचारा रस्ता दिसतो.

यातलं बरंचसं टीव्हीवरून आलेलं आहे. क्रमवारीचा उभा तक्ता आणि कोपऱ्यातला नकाशा प्रेक्षकासाठी असतात, आणि प्रेक्षकाला ब्रेक मारायचा नसतो. खऱ्या जीटी३ गाडीतल्या (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाडीतल्या) ड्रायव्हरसमोर एक छोटा डिस्प्ले, गिअर बदलायची सूचना देणारे दिवे आणि आरसे असतात. बाकी गोष्टी कानात इंजिनिअर सांगतो, तेही सरळ रस्त्यावर. म्हणून ओव्हरले, म्हणजे गेमवर दिसणारे हे माहितीचे चौकोन, लावताना ‘हे दाखवता येतं का?’ असं विचारू नका. ‘हे मला कुठल्या क्षणी लागतं?’ असं विचारा. नेमकं उत्तर सापडलं नाही तर तो चौकोन काढून टाका.

चौकोन चुकीच्या जागी

इटलीतल्या मॉन्झा ट्रॅकची मुख्य सरळ घ्या. पहिल्या शिकेनकडे (वेग कमी करायला लावणाऱ्या डाव्या-उजव्या वळणांच्या जोडीकडे) जाताना वेग ताशी २६० किमी धरला तर गाडी सेकंदाला ७२ मीटर जाते. कोपऱ्यातल्या इंधनाच्या आकड्यावर अर्धा सेकंद नजर गेली की ३६ मीटर गेले. एवढ्या अंतराने ब्रेक उशिरा लागला तर वळण विसरा, थेट एस्केप रोड, म्हणजे वळण चुकलेल्यांसाठीचा रस्ता.

त्यामुळे आकडा किती मोठा आहे यापेक्षा तो नजरेच्या वाटेपासून किती लांब आहे हे महत्त्वाचं. ड्रायव्हिंगसाठी लागणाऱ्या दोन-तीन गोष्टी मधल्या पट्ट्यात, डॅशबोर्डच्या जरा वर ठेवा. डोळ्यांच्या उंचीवर, डाव्या-उजव्या कडेला मात्र काही ठेवू नका. तीव्र वळणात नजर तिकडेच जाते आणि नेमका अपेक्स, म्हणजे वळणाचा सगळ्यात आतला बिंदू, त्या चौकोनामागे लपतो. वरचा मधला भाग बहुतेक ट्रॅकवर रिकामं आकाश असतो, म्हणून डेल्टा तिथे टाकायची पद्धत आहे. पण बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर ओ रूजकडून रेडियोंचा चढ चढताना रस्ताच स्क्रीनच्या वरच्या भागात येतो आणि ‘रिकाम्या’ जागेतली पट्टी डोळ्यांत खुपते. मांडणी नक्की करायच्या आधी असा एखादा चढ-उताराचा ट्रॅक फिरून बघा.

गिअर आणि वेग कॉकपिटच्या डॅशवर असतात, पुन्हा ओव्हरलेमध्ये असतात आणि स्टिअरिंगवर डिस्प्ले असेल तर तिथेही असतात. एक ठेवा. गिअर तर आवाजावरच बदलायला शिकावं असं माझं मत आहे. सिमहब या डॅश-दिवे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारे दिवे मागे पडत असतील तर वायर तपासत बसू नका. मोफत आवृत्तीत माहिती सेकंदाला १० वेळाच ताजी होते, परवाना घेतला की ६० वेळा. खालच्या गिअरमध्ये आरपीएम इतके झपाट्याने चढतात की दिवा लागेपर्यंत इंजिन लिमिटरवर (आरपीएमच्या कमाल मर्यादेवर) आपटलेलं असतं.

डेल्टाच्या मागे धावणं

सगळ्यात जास्त लॅप याच पट्टीपायी वाया जातात. डेल्टा म्हणजे निवडलेल्या संदर्भ लॅपमध्ये तुम्ही याच जागी किती वेळात पोहोचला होता आणि आज किती वेळात पोहोचलात, त्यातला फरक. पट्टी हिरवी झाली की आनंद होतो. आता बघा काय होतं. तुम्ही वळणाआधी दहा मीटर उशिरा ब्रेक मारला. त्या दहा मीटरमध्ये गाडी मागच्या वेळेपेक्षा जोरात आहे, त्यामुळे डेल्टा लगेच हिरवा. मग गाडी अपेक्स सोडून बाहेर गेली आणि थ्रॉटल द्यायला उशीर झाला. ब्रेकिंगला कमावलेलं सगळं पुढच्या सरळ रस्त्यावर व्याजासकट गेलं. पट्टीने मात्र शाबासकी चुकीच्या क्षणी दिलेली असते आणि मेंदू तीच लक्षात ठेवतो. पुढच्या लॅपला आणखी उशिरा ब्रेक.

डेल्टा वळणात वाचायचा नाही, सरळीवर वाचायचा. आणि आकडा वाचू नका, तो कुठल्या दिशेने सरकतोय ते बघा. मॉन्झात पॅराबोलिका या शेवटच्या वळणातून बाहेर पडल्यावर पाय पूर्ण दाबलेला असताना लाल आकडा वाढतच असेल, तर चूक आत्ताची नाही. वळणातून बाहेर पडतानाचा वेग कमी होता आणि त्याची किंमत तुम्ही हप्त्याहप्त्याने भरताय. आकडा जागच्या जागी थांबला असेल तर बाहेर पडणं ठीक होतं, वेळ त्याआधी गेला. वळणाच्या कुठल्या टोकावर काम करायचं हे एवढ्यावरून कळतं.

संदर्भ लॅप कुठला आहे तेही तपासा. पुढच्या गाडीच्या मागे हवेचा आडोसा मिळून निघालेली लॅप संदर्भ असेल, तर एकट्याने चालवताना पट्टी लालच राहणार. शर्यतीत तर इंधनाचं वजन, जुने टायर आणि शेजारची गाडी यामुळे ही तुलना जवळपास निरर्थक असते. मी शर्यतीत डेल्टा बंदच ठेवतो.

क्रमवारी आणि रिलेटिव्ह यांची गल्लत

क्रमवारी सांगते शर्यतीत कोण कितवा. रिलेटिव्ह सांगतो ट्रॅकवर आत्ता तुमच्या पुढे-मागे कोण आहे, मग तो एक लॅप मागे असो की पुढे. आयरेसिंग या गेममध्ये हा एफ३ बटणावर असतो आणि त्यात एक लॅप पुढे असलेल्याचं नाव लाल, एक लॅप मागे असलेल्याचं निळं दिसतं. हे रंग न बघता नुसतं ‘मागे ०.८’ वाचून लोक जिवाच्या आकांताने लाइन अडवतात, आणि मागचा असतो शर्यतीत पहिला, यांना एका लॅपने मागे टाकायला आलेला. अशा भांडणातून दोघांचंही नुकसान होतं आणि वर पेनल्टी तुम्हाला.

दुसरी गल्लत अंतराची. हेअरपिनमध्ये (यू-आकाराच्या मंद वळणात) मागची गाडी आरशात एकदम अंगावर आल्यासारखी दिसते, कारण वेग कमी झाला की तेवढ्याच सेकंदांचं मीटरमधलं अंतर आक्रसतं. सेकंदांचा फरक दर लॅपला एकाच ठिकाणी वाचा, शक्यतो एखाद्या लांब सरळीवर. तो दोन-तीन लॅप सलग कमी होत असेल तर काळजी करा. रडार फक्त शेजारी गाडी आहे एवढंच सांगतं, ती किती वेगाने आत घुसतेय ते सांगत नाही. हे काम कानावर सोपवा. क्रू चीफ नावाचं मोफत सॉफ्टवेअर शेजारी कोण आलंय, फरक किती, इंधन किती हे बोलून सांगतं. ते नीट बसवलं की निम्मे चौकोन आपोआप नकोसे होतात.

इंधनाच्या आकड्यावर आंधळा विश्वास

पुढाऱ्याची (सगळ्यात पुढच्या ड्रायव्हरची) लॅप बरोबर १:४८ ची, म्हणजे १०८ सेकंदांची असेल आणि शर्यत ४५ मिनिटांची, म्हणजे २७०० सेकंदांची, तर भागाकार बरोब्बर २५ येतो. पण पुढारी सरासरी १:४७.९ ने गेला तर तो २५ लॅप २६९७.५ सेकंदांत संपवतो. घड्याळात अडीच सेकंद शिल्लक, म्हणून आणखी एक अख्खी लॅप. एक दशांश सेकंदावर एक लॅपभर इंधन! कॅल्क्युलेटर बहुधा तुमच्या स्वतःच्या सरासरीवर हिशेब करतो आणि शर्यतीच्या लॅप ठरतात पुढाऱ्याच्या वेगावर. त्यात फॉर्मेशन लॅपचं (शर्यतीआधी रांगेत मारायच्या फेरीचं) इंधन वेगळं. आकडा असा काठावर असेल तर एक लॅप जास्तीची भरा, तिचं वजन सोसा. पिटमध्ये शिरायच्या आधी इंधन आणि टायरच्या खुणा काय लागल्या आहेत हेही एकदा सरळीवर बघून घ्या. नको असलेले चार टायर बदलून घेणारे कमी नाहीत.

टायर प्रेशरबद्दल थोडक्यात: असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या गेमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत जीटी३ साठी कोरड्या ट्रॅकवर गरम टायरमध्ये साधारण २६ ते २७ पीएसआय हवं. पहिल्या लॅपचा आकडा बघून सेटअप बदलायला जाऊ नका, टायर तापून आकडा स्थिरावू द्या.

ओव्हरले दिसतच नाही, किंवा दिसतो पण हलत नाही

मुळीच दिसत नसेल तर बहुतेक वेळा गेम एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीनवर असतो. बॉर्डरलेस विंडो निवडा. व्हीआरमध्ये साधा डेस्कटॉप ओव्हरले हेडसेटमध्ये येत नाही, त्यासाठी ओपननीबोर्डसारखं साधन लागतं. ओव्हरले लावल्यावर फ्रेम रेट पडला तर एकेक बंद करून बघा. अनेक ओव्हरले आतून ब्राउझरचं पान असतात आणि ग्राफिक्स कार्डावर बसतात.

चौकोन दिसतो पण रिकामा असेल, तर माहिती पोहोचत नाहीये. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओनेमध्ये डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरात, कॉन्फिगखाली ‘ब्रॉडकास्टिंग’ नावाची फाइल असते. त्यात पोर्ट (माहिती ज्या वाटेने जाते तिचा क्रमांक) शून्य असेल तर ओव्हरलेला हवा तो आकडा घाला, सहसा ९०००. त्या ओळीच्या नावात गेमनेच ‘यूडीपी’ (नेटवर्कवरून माहिती पाठवायची पद्धत) याऐवजी ‘यूपीडी’ असं लिहून ठेवलंय. ते दुरुस्त करायला जाऊ नका, गेम तेच नाव शोधतो. फाइल बदलूनही फरक पडला नाही तर वनड्राइव्ह बघा. त्याच्यामुळे संगणकावर दोन डॉक्युमेंट्स फोल्डर तयार होतात आणि आपण भलत्याच फाइलवर मेहनत घेत बसतो.

एफ१ गेममध्ये टेलिमेट्री सेटिंगमध्ये जाऊन यूडीपी चालू करावं लागतं, पोर्ट २०७७७. त्याच संगणकावर दोन प्रोग्राम हे पोर्ट मागत असतील तर सहसा एकच जेवतो, दुसरा उपाशी. सिमहबमधलं यूडीपी फॉरवर्डिंग वापरून दुसऱ्याला वेगळ्या पोर्टवर माहिती द्या. आकडे येतात पण वेडेवाकडे दिसतात, गिअर ४७ वगैरे, तर यूडीपी फॉरमॅटचं वर्ष ॲपला समजणारं आहे का ते पाहा.

फोन डॅश म्हणून वापरत असाल तर तो संगणकाच्या किंवा कन्सोलच्याच वायफायवर हवा, गेस्ट नेटवर्कवर नको. काल चालत होतं आणि आज बंद, याचं नेहमीचं कारण म्हणजे राउटरने फोनला नवा आयपी पत्ता दिलेला असतो. राउटरमध्ये तो पत्ता फोनसाठी राखून ठेवा. ग्रान टुरिस्मो ७ चा मामला जरा वेगळा आहे. तिथे ॲपने थोड्या थोड्या वेळाने प्लेस्टेशनकडे माहिती मागत राहावं लागतं, मागणी थांबली की माहितीही थांबते. शर्यतीच्या मध्येच डॅश गोठत असेल तर फोनचं ऑटो-लॉक आणि बॅटरी सेव्हर बंद करा, ॲप झोपी जातंय.