गणपती गेले की टाकी भरा: नव्या फिशटँकची तयारी

दिवाळीच्या सुट्टीत घरात मासे हवेत असं मुलांनी ठरवलं असेल, तर अनंत चतुर्दशीला गणपती गेले की दुसऱ्याच दिवशी टाकीत पाणी भरा. तिथून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण दीड महिना मिळतो आणि नव्या टाकीला तेवढा लागतोच. दुकानात सांगतात, “चोवीस तास पाणी मुरू द्या, मग सोडा मासे.” माझ्या पहिल्या टाकीच्या वेळी मी अगदी तसंच केलं होतं. सहा गोल्डफिश आणले. चौथ्या दिवसापासून ते वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले आणि पंधरा दिवसांत टाकीत फक्त खडी आणि प्लास्टिकची झाडं उरली. दरम्यान निळ्या औषधाच्या (मिथिलीन ब्लूच्या) दोन बाटल्या संपल्या. माशांना रोग झालाच नव्हता. त्यांनीच पाण्यात सोडलेला अमोनिया पचवणारं त्या टाकीत कुणी नव्हतं, एवढंच.

पचवणारे म्हणजे दोन प्रकारचे जिवाणू. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना घातक. नायट्रेट बरंच सुसह्य, ते पाणी बदलताना निघून जातं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत; स्पंज, सिरॅमिकच्या रिंगा, खडी अशा पृष्ठभागांवर चिकटून राहतात. आणि वाढतात अतिशय सावकाश. दह्याचं विरजण रात्रीत लागतं, पण यांची संख्या एकदा दुप्पट व्हायलाच अर्धा ते एक दिवस जातो, कधी त्याहून जास्त. म्हणून हा महिनाभराचा खटाटोप, आणि तोही मासे न आणता करायचा.

खरेदी टेस्ट किटपासून सुरू करा. लोक सगळं घेतात आणि किटला पैसे नाहीत म्हणतात. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच, चारही तपासणारं, थेंब टाकून रंग बघायचं किट घ्या. कागदी पट्ट्यांचा फारसा भरवसा नाही. मग फिल्टर. दोन फूट बाय एक बाय एकच्या टाकीला एअर पंपावर चालणारा चांगला मोठा स्पंज फिल्टर पुरतो. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप आत्ताच घेऊन ठेवा, कारण या जिवाणूंना प्राणवायू सतत लागतो. बंद डब्याचा फिल्टर असेल आणि चार-पाच तास वीज गेली, तर आतला प्राणवायू संपून जिवाणू मरू लागतात. वीज आली की डब्यातलं पाणी आधी ओतून द्या, मगच फिल्टर चालू करा. थर्मामीटर हवाच. हीटर मुंबई-ठाण्यात बहुतेकदा लागत नाही. पुण्या-नाशकात थंडी सुरू झाली की लागतो. या कामाला २६ ते २८ अंश पाणी उत्तम, आणि ऑक्टोबरचा उकाडा इथे फुकटात कामी येतो. स्टँड सपाट, खाली थर्मोकोलची शीट, भरलेली टाकी पाऊणशे किलोच्या आसपास जाते हे लक्षात ठेवून जागा ठरवा.

आता जिवाणूंचं खाणं. मासे नाहीत म्हणजे अमोनिया आपणच द्यायचा. काही जण कोळंबीचा तुकडा जुन्या मोज्यात बांधून टाकीत कुजवतात. चालतं, पण घरभर वास सुटतो आणि अमोनिया किती सुटेल ते आपल्या हातात राहत नाही. मला अमोनियम क्लोराइड सोयीचं वाटतं. हाच आपला नवसागर, कल्हईवाले तापलेल्या भांड्यात टाकतात तो. पण बाजारातल्या खड्यांत काय काय मिसळलेलं असतं ते कळत नाही, म्हणून लॅबोरेटरीचं सामान विकणाऱ्या दुकानातून शुद्ध पावडर आणा. ३० ग्रॅम पावडर पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर द्रावण करा. त्याच्या १ मिलिलीटरमध्ये साधारण १० मिलिग्रॅम अमोनिया येतो. दोन फुटी टाकी काठोकाठ ५६ लिटरची, खडी आणि वरची मोकळी जागा वजा करून ५० धरा. म्हणजे १० मिलिलीटर टाकलं की २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) होतं. बाटलीवर मोठ्या अक्षरात ‘पिऊ नये’ लिहून ती वरच्या फळीवर ठेवा. फरशी पुसायचा सुगंधी अमोनिया मात्र चुकूनही वापरू नका.

पाणी भरायच्या दिवशी शत्रू एकच, क्लोरीन. आपण ज्यांना वाढवणार त्यांनाच मारायला नगरपालिका ते घालते. दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट. ते सांगितलेल्या प्रमाणात टाका. टँकरचं पाणी असेल तर वास घेऊनच वापरा, कधी कधी ब्लीचिंग पावडर सढळ हाताने पडलेली असते. फिल्टर चालू, दिवा बंद (जिवाणूंना उजेड नको असतो आणि शेवाळाला हवाच असतो), १० मिलिलीटर द्रावण टाकलं, अमोनिया मोजून वहीत लिहिला. पहिला दिवस संपला. वर जाळी किंवा काच ठेवा. सप्टेंबरात मासे नसलेली पाण्याची उघडी टाकी म्हणजे डासांना आमंत्रण. पृष्ठभाग हलता असेल तर ते सहसा अंडी घालत नाहीत, तरी डेंग्यूच्या तपासणीला आलेल्या माणसाला ‘इथे मी जिवाणू वाढवतोय’ हे पटवण्यापेक्षा जाळी स्वस्त.

कुणा मित्राकडे वर्ष-दोन वर्षं निरोगी चाललेली टाकी असेल तर ही सगळी वाट निम्म्यावर येऊ शकते. त्याच्या फिल्टरमधल्या मूठभर रिंगा किंवा स्पंजचा तुकडा त्याच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, डब्याचं झाकण सैल ठेवून, वाटेत कुठे चहाला न थांबता घरी आणा आणि आपल्या फिल्टरात घाला. आधी त्याच्याकडे मासे आजारी नाहीत ना, ते विचारा. बाटलीतले जिवाणू विकत मिळतात, काही खरंच काम करतात. पण एप्रिल-मेमध्ये गोदामात आणि कुरियरच्या गाडीत भाजून निघालेल्या बाटलीत जिवंत काय उरलं असेल हा प्रश्नच आहे. एक खूण सांगतो. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइटचं काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा नावाचे जिवाणू करतात, हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं. आधी त्याचं श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलं जायचं. बाटलीवर अजूनही फक्त नायट्रोबॅक्टर लिहिलेलं दिसलं की मी ती परत फळीवर ठेवतो.

पहिल्या आठवड्यात काहीच घडत नाही, फक्त पाणी कधी कधी दुधट होतं. ते वेगळे जिवाणू, आपले नव्हेत. पाणी बदलू नका, आपोआप निवळतं. दिवसाआड अमोनिया मोजा. तो १ पीपीएमच्या खाली आला की पुन्हा २ पर्यंत न्या. घट बसेपर्यंत, म्हणजे सतराव्या-अठराव्या दिवसापर्यंत, नायट्राइटचा रंग बहुधा गडद जांभळा झालेला असतो आणि इथेच लोक चुकतात. अमोनिया रोज संपतोय म्हणून रोज डोस देत सुटतात. हिशेब असा: २ पीपीएम अमोनियातून सुमारे साडेपाच पीपीएम नायट्राइट तयार होतं. दोनच डोसांत ते बहुतेक किटच्या पट्टीबाहेर जातं आणि फार वाढलेलं नायट्राइट दुसऱ्या प्रकारच्या जिवाणूंनाच जड होतं. म्हणून नायट्राइट दिसायला लागल्यावर डोस निम्मा, तोही तीन दिवसांतून एकदा. तरी रंग उतरत नसेल तर निम्मं पाणी बदला. त्याने जिवाणू जात नाहीत, ते स्पंजात बसलेत.

दसऱ्याच्या सुमारास आणखी एक अडचण येते, आणि ती आपल्याकडच्या धरणाच्या पाण्याची. मुंबई-पुण्याचं नळाचं पाणी मऊ असतं, त्यात क्षारता, म्हणजे आम्ल झेलून पीएच टिकवायची ताकद, कमी. २ पीपीएम अमोनिया पचवताना जिवाणू सुमारे १२ ते १४ पीपीएम क्षारता खाऊन टाकतात. चार-पाच डोस झाले की शिल्लक संपते, पीएच साडेसहाच्या खाली घसरतो, काम मंदावतं आणि सहाच्या आसपास जवळजवळ ठप्प होतं. अमोनिया आठवडाभर एकाच आकड्यावर अडला असेल तर आधी पीएच बघा. उपाय स्वयंपाकघरात आहे: ५० लिटरला अर्धा चहाचा चमचा खायचा सोडा पाण्यात विरघळवून. बेकिंग पावडर नव्हे. बोअरवेलवाल्यांना ही भानगड सहसा करावी लागत नाही. पण त्यांनी आपल्या बोअरच्या पाण्यातलं नायट्रेट आधीच मोजून ठेवावं, नाहीतर पहिल्याच दिवशी नायट्रेट बघून टाकी तयार झाली असं वाटायचं.

कोजागिरीनंतर कधीतरी एका सकाळी जांभळा रंग गायब होतो. दोन दिवसांपूर्वी गडद, आता एकदम निळा, म्हणजे नायट्राइट संपलं. आता परीक्षा घ्या. पूर्ण १० मिलिलीटर द्रावण टाका, बरोबर २४ तासांनी मोजा. अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य हवं, नायट्रेट वाढलेलं हवं. नायट्रेटच्या किटमधली दुसरी बाटली सांगितलंय तितकी जोरात हलवा, कंटाळा केला की आकडा कमी येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करून बघा. दोन्ही दिवस जमलं तर टाकी तयार. नाही जमलं तर आणखी आठवडा, मुलं कितीही मागे लागली तरी. लगेच मासे आणायचे नसतील तर तीन-चार दिवसांनी थोडा डोस देत राहा. सुट्टीत आठवडाभर गावाला जायचं असेल तर डोस नसला तरी चालतं, फिल्टर मात्र बंद करायचा नाही.

मासे आणायच्या आदल्या दिवशी तीन चतुर्थांश पाणी बदला, साठलेलं नायट्रेट निघून जातं. नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन आधी, मगच ते टाकीत. वसुबारसेला सहा नर गपी आणा. गोल्डफिश या मापाच्या टाकीत नकोतच. पहिले चार दिवस रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा, खाणं चिमूटभर. निळं औषध हौसेने टाकू नका, ते याच जिवाणूंवर उठतं. स्पंज धुवायची वेळ आली की नळाखाली नाही, टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळा, पुरे. आणि जमलं तर मागच्या कोपऱ्यात दुसरा एक छोटा स्पंज फिल्टर आत्तापासून चालू ठेवा. पुढच्या गणपतीनंतर शेजारी टाकी घेणार असतील, तर त्यांना तो तसाच ओला उचलून देता येईल.